५८ व्या वर्षी लायनर: भाचीच्या लग्नाआधी जमवायचंच (नोंदी)

९ मार्च

लग्न १८ मेला, सांगलीत. म्हणजे बरोबर दहा आठवडे. माझ्यासारख्या कोणी असतील तर त्यांचा वेळ वाचेल म्हणून लिहून ठेवतीये, आणि माझ्याही लक्षात राहात नाही काल काय केलं ते.

कारण डिसेंबरमधला एक फोटो. पुतण्याच्या लग्नात हॉलवर पार्लरवाली मुलगी बोलावलेली, तिने आम्हा सगळ्या बायकांना रांगेत बसवून एकसारखं लायनर लावलं, बाहेर शेपटी काढून. फोटोत माझा उजवा डोळा ठीक, डावा दिसतच नाही, नुसती काळी पट्टी. जाऊबाईंचं पण तेच. त्या मुलीला काय बोलणार, तिने डोळे मिटायला लावून रेघ काढली आणि मिटलेल्या डोळ्यावर ती सुबकच होती. डोळा उघडला की वरची कातडी तिच्यावर येऊन बसते, संपलं.

परिस्थिती अशी: चाळिशीचा नंबर उजव्याला +२.२५ आणि डाव्याला +२.७५. दोन्ही पापण्यांवरची कातडी सैल होऊन खाली आलीये, डावीकडे जास्त. मेकअपमधलं कौशल्य म्हणजे काजळपेन्सिल खालच्या पापणीच्या आतून फिरवणे, ती मात्र ३५ वर्षं, डोंबिवली लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरून, आरशाशिवाय. त्यामुळे मला वाटत होतं लायनर म्हणजे काय, तेच जरा वर लावायचं.

आज भाची विसरून गेलेलं पेनवालं लायनर घेतलं. डोळ्याचा कोपरा बोटाने कानाकडे ताणला, कातडी मस्त गुळगुळीत झाली, सरळ रेघ मारली. बोट सोडलं आणि रेघेच्या निऱ्या पडल्या. अक्षरशः निऱ्या. ताणलेल्या कातडीवर काढलेली सरळ रेघ कातडी जागेवर आली की सरळ कशी राहील, हे मला ३५ मिनिटं आणि चार वेळा पुसून कळलं. शिवाय ओली शाई बारीक सुरकुत्यांमधून पसरते, ओल्या अंगणात रांगोळी टाकल्यासारखी.

खर्च ०. डोळे लाल.

१२ मार्च

मूळ अडचण लायनर नाहीये, मला दिसतच नाहीये. चष्मा लावला तर हात जात नाही, काढला तर डोळा कुठाय ते कळत नाही. म्हणून मोठं दाखवणारा आरसा मागवला. म्हणलं घ्यायचाच तर चांगला घ्यावा, १० एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणारा, ७४९ रुपये.

चूक. १० एक्समध्ये स्पष्ट दिसायला नाक जवळजवळ आरशाला टेकवावं लागतं आणि मग मधे पेन्सिल धरायला जागाच उरत नाही. जरा मागे गेलं की सगळं धूसर. शिवाय एका वेळी अर्धाच डोळा दिसतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या झाल्यात का ते समजायला मार्ग नाही. घेणार असाल तर ५ एक्स घ्या, मी शेवटी तोच आणला, स्टेशनजवळच्या दुकानातून ३५० ला. १० एक्सवाला परत घेत नाहीत. हनुवटीवरचे केस उपटायला ठेवलाय, त्या कामाला एक नंबर आहे.

१६ मार्च

मेकअपचा चष्मा नावाची वस्तू असते हे सुनेने सांगितलं. फ्रेमला एकच काच, ती इकडून तिकडे फिरते, ज्या डोळ्याला लावायचं तो मोकळा ठेवायचा आणि दुसऱ्याने काचेतून बघायचं. ४८० रुपये. पहिल्यांदा मी हुशारी करून +३.५ मागवला, जास्त नंबर म्हणजे जास्त स्पष्ट असं वाटून. तसं नसतं, जास्त नंबर म्हणजे आरसा आणखी जवळ घ्यावा लागतो, परत तीच नाकाची गोष्ट. बदलून +२.५ आला, त्यात आठवडा गेला (ही ओळ २३ तारखेला लिहितीये).

सवय व्हायला वेळ लागतो. डाव्या डोळ्याने बघून उजव्यावर हात चालवायचा, मेंदू म्हणतो हे काय चाललंय. पहिल्या दिवशी भुवईवर ठिपका दिला.

२२ मार्च

आजचा शोध: छाप.

हाताने आता बऱ्यापैकी रेघ येते. डबीतलं जेल लायनर (४५०) आणि तिरका ब्रश (१५०) आणला होता, सकाळी ११ ला लावलं, छान दिसलं, स्वयंपाकाला गेले. साडेअकराला हे म्हणाले, "अगं, तुझ्या पापणीवर काळं काय लागलंय?" आरशात बघते तर रेघेच्या वर, घडीच्या पलीकडे, अजून एक रेघ! थोडी फिकट, उलटी. वरची कातडी खाली येऊन रेघेला चिकटते आणि उचलली की तिच्यावर शिक्का उठतो, हापिसात स्टँप-पॅडवर व्हायचं तसं.

मग दिवसभर हाच उद्योग. उजव्या डोळ्याला तासाभराने छाप, डाव्याला वीस मिनिटांत. "स्मज-प्रूफ" (म्हणजे न पसरणारं) लिहिलेल्या लायनरने पण छाप उठतोच, कारण वाळायच्या आत मी वर बघते. नवा नियम: लावल्यावर खाली बघत राहायचं आणि हळूच साठ आकडे मोजायचे. मी रामरक्षेचे पहिले श्लोक म्हणते, तेवढाच वेळ जातो. त्याने छाप निम्म्याने कमी झाला. पूर्ण नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारायच्या आधी नटायचं म्हणून टेपचा प्रयोग केला. व्हिडिओत मुली डोळ्याच्या बाहेर तिरकी चिकटपट्टी लावतात, तिच्या कडेने शेपटी काढतात आणि पट्टी ओढतात, सुरीसारखी धार येते. त्या २२ वर्षांच्या असतात. घरात औषधाच्या डब्यात कागदी पट्टी होती ती लावली, ओढली, तिच्याबरोबर कातडी पण ओढली गेली, लालभडक झालं आणि शेपटीची शाई पट्टीखाली सुरकुत्यांमधे शिरलेली. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ असते, आणि या वयात ती ओढली की लगेच परत बसत नाही. गुढीचा फोटो गॉगल लावून काढलाय. सोसायटीत सगळे विचारतात, डोळे आले का.

२ एप्रिल

लाली उतरली पण चुरचुर जाईना म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. फी ७००, प्रकल्पाच्या खर्चात धरतीये कारण सगळ्यात उपयोगी खर्च हाच.

त्यांनी पापणीची कड उलटून बघितली आणि पहिला प्रश्न, "काजळ आत लावता का रोज?" म्हणलं ३५ वर्षं. पापणीच्या कडेला, केसांच्या आतल्या बाजूला, तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात म्हणे, ओळीने. ते तेल अश्रूंवर पसरतं म्हणून डोळा लवकर कोरडा पडत नाही. वयाने ते तेल तसंही घट्ट होतं, त्यावर मी रोज मेण आणि काजळी लिंपतीये. माझी चुरचुर, संध्याकाळी पाणी येणं, सगळं त्यातलंच निघालं. हो, पाणी येणं सुद्धा कोरडेपणाचंच लक्षण असू शकतं, हे मला नवीन होतं.

सांगितलं ते असं: रोज गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पाच-दहा मिनिटं शेक, मग कड हलक्या हाताने पुसणे, थेंब, आणि आत काहीही नाही. लायनर लावा, पण केसांच्या बाहेर.

डावी पापणी जास्त खाली का तेही विचारून घेतलं. माझी वर्षानुवर्षं हळूहळू आलीये, नुसती सैल कातडी आहे. पण अचानक एक पापणी पडली तर तो मेकअपचा विषय नाही, लगेच दाखवायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं म्हणून मीही लिहितीये.

पण त्याआधी पंधरा दिवस डोळ्यांना काहीच लावायचं नाही. म्हणजे दहातले दोन आठवडे गेले.

६ एप्रिल

काजळ न लावता भाजी आणायला गेले. तीन जणींनी विचारलं, बरं नाहीये का. घरी येऊन आरशात बघितलं, खरंच आजारी वाटत होते, पण डोळे मोठे दिसत होते. खालच्या काळ्या रेघेने डोळा खाली ओढला जातो, ते इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. हे पचायला जरा वेळ लागला. काजळ सोडणं म्हणजे माझ्यासाठी कुंकू सोडण्यासारखंच आहे, हसू नका.

१८ एप्रिल

परत सुरुवात, आणि आज जमलं. खरं म्हणजे ताईमुळे जमलं.

ती मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून (मार्चच्या सुरुवातीला) रोज दुपारी फोन करते. मी तिला रडगाणं ऐकवत होते की रेघ सरळ येत नाही, हात थरथरतो, तर ती म्हणाली, "तुला मुक्तहस्त रांगोळी कधी आलीये का? तू कायम ठिपक्यांचीच काढायचीस." फोन ठेवला आणि तेच करून बघितलं.

ठिपके. रेघ काढायचीच नाही. साधी काळी पेन्सिल (१९९), टोक केलेली पण अगदी सुईसारखी नाही, आणि केसांच्या मुळांच्या मधल्या जागांत बारीक बारीक ठिपके. बाहेरच्या कोपऱ्याकडून सुरू करून मधल्या बुबुळापर्यंत, आतला अर्धा भाग मोकळा. मग तिरक्या ब्रशने ठिपके एकमेकांत पुसायचे. ठिपका चुकला तर तो एकच चुकतो, सगळी रेघ वाकडी होत नाही. हात थरथरला तरी चालतं, उलट थरथरल्याने दोन ठिपके आपोआप जोडले जातात.

कोपर टेबलावर टेकवायचं, करंगळी गालावर. पेन्सिल कडक वाटली तर हाताच्या पाठीवर दोन रेघोट्या मारून घ्यायच्या, मऊ होते. नाहीतर ती कातडी पुढे ढकलत नेते.

वेळ: दोन्ही डोळे २२ मिनिटं. मार्चमधे एका डोळ्याला ३५ लागत होती.

१९ एप्रिल

न ओढता कातडी सरळ कशी करायची हा प्रश्न होता, तो पण सुटला. ५ एक्सचा आरसा भिंतीवर नाही, टेबलावर, छातीच्या खाली जवळजवळ आडवा ठेवायचा. हनुवटी वर आणि नजर खाली. पापणी आपोआप उलगडते, बोट लावायची गरजच नाही.

पण यात एक मेख आहे, दोन दिवस मी त्यात फसले. खाली बघून काढलेलं सगळं मिटलेल्या डोळ्याचं असतं, त्या पार्लरवाल्या मुलीसारखंच. म्हणून दुसरा आरसा पाहिजे, समोर, डोळ्याच्या उंचीला. ठिपके खालच्या आरशात, पण कुठे थांबायचं आणि जाडी किती ठेवायची ते समोरच्या आरशात, डोळा उघडा, चेहरा सैल, भुवया न उचलता. भुवया न उचलणं सगळ्यात अवघड. आरशासमोर बसलं की आपण सगळ्याच भुवया उचलतो, आणि मग फोटोत वेगळंच दिसतं. मी कपाळावर तर्जनी ठेवून बघते, हलली की कळतं.

२० एप्रिल

नुसती एक ओळ: खोबरेल तेलाने लायनर मस्त निघतं, पण लगेच परत लावायला गेलात तर घसरतं. तेलाचा थर राहतो. तेलानंतर ओल्या फडक्याने पुसा, कोरडं होऊ द्या, बोटावर जराशी कॉम्पॅक्ट पावडर घेऊन पापणीवर टेकवा, मग परत. रात्रीचं क्रीम सकाळी पापणीवर उरलेलं असेल तरी तेच होतं. यात एक अख्खा रविवार गेला.

२७ एप्रिल: कांदा टेस्ट

लग्नात मी रडणार हे नक्की. शिवाय होमाचा धूर आणि मे महिना. तर तालीम म्हणून उजव्या डोळ्याला पेन्सिल आणि डाव्याला जेल लावून सहा कांदे चिरले. (रविवारी मिसळ केली, वाया काही गेलं नाही.)

निकाल: पेन्सिल खाली गालावर उतरली. जेल जागेवर राहिलं पण टिपताना मी डोळा चोळला आणि छाप उठला. म्हणजे वस्तूइतकाच दोष माझ्या हाताचा. मंगळवारी परत केलं (हे नंतर लिहितीये), यावेळी पेन्सिलच्या ठिपक्यांवर तपकिरी मॅट (बिनचमकीची) आयशॅडो, तिरक्या ब्रशने दाबून दाबून, घासून नाही. कोरडी भुकटी मेणाला धरून ठेवते. चार कांदे, रुमालाच्या टोकाने खालून टिपलं, टिकलं! थोडं फिकट झालं, पण उतरलं नाही. आणि मुख्य म्हणजे डाव्या डोळ्यावर छाप जवळपास नाही.

चमकणारी शॅडो नको. एकदा लावली, सुरकुती न सुरकुती मोजता येत होती.

४ मे

शेपटीचा हट्ट सोडला. पण सोडायच्या आधी आठ दिवस घालवले, तर लिहिते.

पापणी घडीत बुडत असेल तर उघड्या डोळ्याने सरळ समोर बघत घडीच्या वरून शेपटी काढायची आणि मग मिटून आतला खड्डा भरायचा, अशी एक रीत आहे. उघड्या डोळ्याला सरळ दिसते, मिटला की वटवाघळाच्या पंखासारखी खाच. उजवीकडे खरंच छान आली. डावीकडे घडी इतकी जड आहे की खाच मोठीच होत गेली, आणि दर वेळी पापणी लवली की काहीतरी उडाल्यासारखं दिसायचं. ह्यांना विचारलं कसं दिसतंय, बराच वेळ बघून म्हणाले, "एक डोळा लग्नाला निघालाय आणि एक घरीच थांबलाय."

आता शेवटच्या केसाशी थांबते, फक्त शेवटचे दोन-तीन ठिपके केसांच्या ओळीबरोबर खाली न नेता दोन मिलिमीटर वर उचलते. तेवढ्याने डोळा उचललेला दिसतो. डावीकडे जरा जाड ठेवायचं, उजवीकडे बारीक, मग उघडल्यावर दोन्ही सारखे. सारखं दिसण्यासाठी वेगळं काढावं लागतं, हे मान्य करायला मला दोन महिने लागले. खाली फक्त बाहेरच्या टोकाला तपकिरी शॅडोचा हलका हात.

११ मे

मुहूर्त सकाळचा, म्हणून सहाला उठून रंगीत तालीम. आणि सगळं बिघडलं! सकाळी पापण्या सुजलेल्या असतात, घडी आणखी खाली. रात्री पापड-लोणचं झालेलं. दुपारी बसणारं मापाचं काम सकाळी बसेना. उठल्यावर तासभर इकडेतिकडे करून, थंड पाण्याचं फडकं ठेवून मग लावलं तर नीट. म्हणजे १८ ला साडेचारला उठणं आलं. लोणचं बंद.

१८ मे

सांगली. साडेचारला उठले, खोलीत आम्ही नऊ बायका आणि एक आरसा. माझे दोन आरसे बघून सगळ्या हसल्या, सहा वाजता त्याच रांगेत.

माझे दोन्ही डोळे ११ मिनिटांत झाले. डावीकडचा शेवटचा ठिपका जाड पडला, ओल्या इअरबडने काढला.

मग ताईला लावलं. तिच्या डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात परवानगी दिली होती, आणि तिच्यासाठी नवी पेन्सिल आणलेली, एकमेकींची वापरायची नाही. दुसऱ्याच्या डोळ्याला लावताना माझी चाळिशी माझ्या नाकावर! सगळं लख्ख दिसत होतं, एकेक केस. चार मिनिटांत झालं. तिला म्हणलं, "ताई, डोळे मिटू नकोस, खाली माझ्या बांगड्यांकडे बघ." तिने बघितलं आणि तिच्या पापणीवर अगदी माझ्यासारखीच घडी दिसली, डावी जास्त खाली. आईची पण तशीच होती. दोघींच्या एकदमच लक्षात आलं, मग जरा थांबावं लागलं, कारण साठ आकडे मोजायच्या आत डोळ्यात पाणी आलं तर लायनर जातं.

मंगलाष्टकांना रडले, पाठवणीला रडले. खालून टिपलं. दुपारी तीनला उजवा शाबूत, डावीकडे बाहेरच्या टोकाला अर्धा छाप.

२५ मे

फोटो आले. दोन्ही डोळे दिसतायत.

हिशोब: आरसे ७४९ आणि ३५०, चष्मा ४८०, जेल ४५०, ब्रश १५०, पेन्सिली दोन ३९८, तपकिरी शॅडो २२५, डॉक्टर ७००. एकूण ३५०२. यातले आरशाचे ७४९ आणि जेलचे ४५० पाण्यात. परत करायचं झालं तर ५ एक्सचा आरसा, चष्मा, एक पेन्सिल, शॅडो, ब्रश, बास, चौदाशेच्या आसपास.

राहिलेलं काम: डावा छाप. पेन्सिलच्या आधी पापणीवर प्राइमर (मेकअपच्या खाली लावायचा थर) लावून बघायचाय, ३९९ ला आहे, पण आता पावसाळ्यानंतर बघू. शेक चालू आहे, चुरचुर गेली. काजळपेन्सिल अजून पर्समध्ये आहे, टाकवली नाही.